कावळ्याचे घर

मराठी घरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर जी पहिली गोष्ट पडते ती एका बेघराची असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि भिजून चिंब झालेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. ती आत बाळाच्या न्हाण्यामाखण्यात, तीटकाजळात गुंतलेली. तिला दार उघडायला सवड नाही. काही घरांतून तर शेवटी त्या कावळ्याला उबेच्या मिषाने चुलीपाशी बसवून चटका देण्यापर्यंत मजल जाते, आणि मांडीवरचे मूल खुदकन हसते. गोष्ट गोड आहे, सांगणारी आजी त्याहून गोड असते, आणि तिच्यावर समाजशास्त्राचा वरवंटा फिरवावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. सांगणारा आणि ऐकणारा असे दोघेही दाराच्या आतल्या बाजूला असतात. घर गेले ते कावळ्याच्याच करणीने, कारण शेणाचे बांधायला त्याला कोणी सांगितले होते? आणि कावळा येतो तो एकटा. त्याची कावळीण कोठे होती, पिले कोठे होती, त्या पावसाच्या रात्री ती कोणाच्या वळचणीला राहिली, हे आजीही सांगत नाही आणि मूलही विचारीत नाही.

हे सारे मनात येण्याचे कारण शहपुरा. जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तहसिलीचे गाव. रेल्वेने यायचे झाल्यास स्टेशनचे नाव भिटौनी. संगमरवरी खडकांसाठी येणारे प्रवासी भेडाघाटला जातात. येथे उतरतो तो कामाचा मनुष्य, नाही तर तेलाच्या डेपोकडे जाणारा. शहपुरा नावाचे एक गाव दिंडोरी जिल्ह्यात आहे, एक भोपाळ शहराच्या पोटात आहे, आणखी राजस्थानात आहेच. त्यामुळे पत्त्यात भिटौनी हा शब्द घातला नाही, तर पत्र भलत्याच शहपुऱ्याची यात्रा करून येण्याचा संभव असतो. मी टपाल खात्यातला कारकून असल्याने असल्या गोष्टींचे मला कौतुक वाटते, इतरांना वाटेलच असे नाही. असो.

गावात मराठी कुटुंबे चारपाच. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी डेपोत. त्यांची मुले रविवारी दुपारी माझ्या बिऱ्हाडी वाचनाला जमतात. हेतू निव्वळ भाषेचा होता. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरी आईबापांशी मराठी, आणि भावंडांत या तिघींची खिचडी. तेव्हा आठवड्यातून दोन तास तरी छापील मराठी त्यांच्या डोळ्यांखालून जावी, एवढाच विचार. बेघरपणाचा विषय त्यात मागाहून आला, आणि तो मुलांनीच आणला.

हिवाळ्यात हा सारा मुलूख मटाराचा होतो. पाटण आणि शहपुरा या भागांतला हिरवा मटार देशभर जातो, आणि तोडणीच्या दिवसांत मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे येऊन शेतांच्या कडेला, सडकेच्या काठाला ताडपत्रीखाली राहतात. अशाच एका रविवारी सहा-सात मुलांना घेऊन मी नहराच्या बाजूला फिरावयास निघालो होतो. वाटेत एक कुटुंब दिसले. पत्र्याची एक ट्रंक, गोधड्यांचे गाठोडे, परातीत उपडी घातलेली पातेली, तीन दगडांची चूल आणि चुलीपुढे आपल्या धाकट्या भावाचे नाक पुसणारी सातआठ वर्षांची पोर. आमच्यातली एक दहा वर्षांची मुलगी उभी राहून त्या संसाराकडे पाहू लागली आणि मग तिने मला हळूच विचारले, “काका, यांची बदली झाली आहे का?”

“अजून ट्रक आला नसेल,” तिचा धाकटा भाऊ जाणत्या स्वरात म्हणाला.

हसू येण्यासारखे वाक्य आहे, परंतु मला हसू आले नाही. दहा वर्षांत त्या मुलीने तीन गावे पाहिली आहेत. उघड्यावर पडलेले सामान, ट्रंकेवर बसून जेवणारी आई, वर्गातून अचानक काढलेला दाखला, मैत्रिणीला द्यायचा राहिलेला कंपास, हे तिला पाठ आहे. जे पाहिले त्याला तिच्याजवळ होता तो एकच शब्द तिने लावला. आपल्या परप्रांती नोकरांच्या मुलांना घर सोडणे म्हणजे काय हे इतर मुलांहून अधिक कळते. कळत नाही ते एवढेच, की आपले निघणे आणि त्यांचे निघणे यांत फरक कोणता.

वाटेवरच तो फरक समजावून सांगण्याचा मी यत्न केला, आणि सांगता सांगता तो मलाच नीट दिसू लागला. बदलीच्या हुकमात दोन गावे असतात. कोठून, आणि कोठे. या दोन गावांच्या दरम्यान सरकार आपल्याला अधांतरी सोडीत नाही. रुजू होण्यास हजार किलोमीटरपर्यंत दहा दिवसांची मुदत, मूळ वेतनाच्या ऐंशी टक्के बदली अनुदान, सामानाचे भाडे, आणि पोहोचल्यावर सरकारी निवासासाठी यादीत नाव. आपण कुरकुरतो, बिले अडतात, क्वार्टरच्या भिंतीला ओल असते. पण दुसऱ्या गावाचे नाव कागदावर असते. ज्यांचे घर जाते त्यांच्याही हाती पुष्कळदा कागद असतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची नोटीस ही देखील सरकारी भाषेतली, शिक्क्याची, तारखेची असे. फक्त त्या कागदावर एकच गाव असे. कोठून ते लिहिलेले. कोठे, ते नाही. २०१३ च्या कायद्याने पुनर्वसनाला कायद्याच्या नावातच जागा दिली, म्हणजे त्या आधी एकशे एकोणीस वर्षे तो रकाना रिकामा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मटार तोडणारे ते कुटुंब या अर्थाने बेघर नव्हते, हेही मुलांना सांगितले पाहिजे होते. मंडला-दिंडोरीकडच्या अशा पुष्कळांचे तिकडे घर असते, हंगाम संपला की ते परततात. परंतु मुलीच्या प्रश्नाने एक दार किलकिले झाले होते, आणि ज्यांना परतायला गाव उरले नाही असे लोक आमच्यापासून फार दूर नव्हते.

शहपुऱ्याजवळून जी नर्मदा वाहते तिच्यावर, जबलपूरच्या वरच्या अंगाला, बरगीचे धरण आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी पुरे झालेले हे पहिले. १९९० मध्ये ते पूर्ण झाले. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतली १६२ गावे त्याने बाधित झाली. बुडीत जाणारी म्हणून आधी १०१ गावे मोजली होती. पाणी मोजणीप्रमाणे थांबले नाही. विस्थापितांसाठी वसवलेल्या काही वसाहतीही त्यात गेल्या. ज्यांनी एकदा चूल उचलली त्यांनी ती पुन्हा उचलली. त्यांतले कित्येक जबलपूरला येऊन सायकलरिक्षा ओढू लागले, झोपडपट्ट्यांत राहिले. आज जलाशयावर नौकाविहार चालतो, आमच्या मुलांची सहलही तेथे गेली होती. पाण्याखाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सहलीच्या दिवशी ते सांगावे असा माझाही आग्रह नाही.

मग सांगावे केव्हा, आणि कसे? आकड्यांनी मुलांना काही कळत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर फिरून बेघरांची मोजणी झाली. उघड्यावर, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलांखाली, जिन्यांखाली, देवळांत आणि फलाटांवर राहणारी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे आढळली. हा आकडा मी एकदा मुलांना सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि पेरू खाऊ लागली. परंतु त्याच मोजणीत ही माणसे सुमारे साडेचार लाख कुटुंबांची आहेत, म्हणजे कुटुंबामागे साधारण चार माणसे येतात, असा भागाकार आम्ही करून पाहिला तेव्हा एक मुलगा थबकला. “म्हणजे आमच्याएवढेच,” तो म्हणाला. बेघर म्हणजे दाढी वाढलेला, एकटा, थोडा वेडसर म्हातारा, असे चित्र त्याच्या मनात होते. आपल्या मोठ्यांच्या मनात तरी दुसरे कोणते असते? तो आजीच्या गोष्टीतला कावळाच होय.

यानंतर आम्ही पुस्तके शोधू लागलो. घर सुटलेल्या कुटुंबाची आपली सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास यांची. पण तेथे अखेर देव येतात आणि सारे परत देतात, त्यामुळे मुले मध्येच स्वस्थ होतात. ‘श्यामची आई’ची गोष्ट निराळी. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चारपाच दिवसांत लिहिले, आणि आपण सर्वांनी ते आईसाठी वाचले, आईसाठी रडलो. या वेळी ते मी घरासाठी वाचले. एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरातून बाहेर पडणे, मग आजोळच्या आश्रयाला राहणे, तेथेही एका शब्दाने मन दुखावल्यावर स्वतःची लहानशी का होईना झोपडी हवी असा आईचा हट्ट, आणि शेवटी कर्जापायी पिटली गेलेली दवंडी: ते पुस्तक म्हणजे एका कुटुंबाचे छप्पर पायरीपायरीने कसे उतरत जाते याची अचूक नोंद आहे. मुलांनी त्यात एक गोष्ट हेरली, जी मी इतक्या वाचनांत हेरली नव्हती. घर एका दिवसात जात नाही. आधी मोठे जाते, मग उसने जाते, मग लहान जाते; आणि प्रत्येक वेळी आई नव्या जागी पहिल्यासारखेच सारवते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा शेवटचा भागही वाचला. १९५५ चे हे पुस्तक काही मुलांसाठी लिहिलेले नाही, परंतु दुष्काळाने वाडी ओस पडते, मेंढरांमागून माणसे जगायला निघून जातात, हे बारा वर्षांच्या मुलाला समजण्यास कोणतीच अडचण पडत नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ मात्र मी कपाटातच ठेवली. धरणग्रस्तांवरचे तेवढे समर्थ पुस्तक मराठीत दुसरे मला ठाऊक नाही. पण त्यातला दाह लहानांच्या हाती द्यावयाचा नव्हे. ते सोळाव्या वर्षी वाचावे.

परदेशी पुस्तकांपैकी दोन मिळाली. नॅटली सॅव्हेज कार्लसन या अमेरिकन लेखिकेचे १९५८ चे एक पुस्तक आहे, त्यात पॅरिसमधील एका पुलाखाली आई आणि तिची तीन मुले राहू लागतात व तेथल्या एका चिडखोर म्हाताऱ्या भटक्याशी त्यांचा स्नेह जमतो. शेवटी त्याला नोकरी लागते आणि सर्वांना छप्पर मिळते. पुस्तक फार गोड, आणि मुलांना फार आवडले. दुसरे ईव्ह बंटिंग यांचे, १९९१ चे. त्यात एक मुलगा आणि त्याचे वडील विमानतळावर राहतात. कोणाच्या नजरेत भरायचे नाही हाच त्यांचा नियम. ते पुस्तक संपते तेव्हाही ते दोघे विमानतळावरच असतात. हे वाचून झाल्यावर मुले क्षणभर गप्प बसली आणि मग त्यांच्यात जोराची चर्चा सुरू झाली, की आपल्याला असे राहण्याची वेळ आली तर कोठे राहावे. जबलपूरचा डुमना विमानतळ लहान, तेथे लगेच ओळखतील. इटारसी स्टेशन बरे, कारण तेथे रात्रभर गाड्या येतात आणि वाट पाहणाऱ्याला कोणी विचारीत नाही. अंघोळ कोठे करावी, शाळेत पत्ता काय लिहावा, दप्तर ओले झाले तर काय, आजीच्या औषधाची बाटली थंड कोठे ठेवावी. अर्धा तास हा खल चालला. गोड पुस्तकाविषयी एकही प्रश्न आला नव्हता.

यावरून माझे एक मत बनले आहे, ते बरे-वाईट जसे असेल तसे सांगतो. मुलांसाठी लिहिणारे आपले बहुतेक लेखक रिकाम्या रकान्याला भितात. बेघर कुटुंब पहिल्या पानावर आणले, की त्यांना शेवटच्या पानाची घाई होते. एखादा सुखवस्तू घरातला दयाळू मुलगा भेटतो, त्याचे वडील त्याहून दयाळू निघतात, आणि कावळ्याला मेणाचे घर मिळून जाते. वाचणाऱ्या मुलाला आपण त्या दयाळू मुलाच्या जागी बसवतो, म्हणजे पुन्हा दाराच्या आतच बसवतो. मुलाला खरे कुतूहल असते ते मधल्या पानांचे. निघताना पिशवीत काय घेतले, काय ठेवले, पहिल्या रात्री चूल कोठे मांडली, बाप कोणावर चिडला, आईने पाणी कोठून आणले, पोस्टमनने त्यांना कोठे गाठले. हे शेवटचे माझ्या धंद्यातले असल्याने थोडे सांगतो. पत्र परत करताना टपालावर शेरा मारावा लागतो. दार बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, असे ते शेरे ठरलेले आहेत. त्यांतलाच एक आहे: सूचना न देता निघून गेला. मी तो कित्येक पाकिटांवर पाहिला आहे. प्रत्येक वेळी वाटते, सूचना द्यावयाची तर ती काय, आणि कोणाला?

आमच्यातील एका गृहस्थांना हे वाचन पसंत नव्हते. सरळ मनाचे गृहस्थ आहेत, आडून बोलले नाहीत, चहाला बोलावून म्हणाले, “अहो, मुलांना मराठी शिकवा म्हणून पाठवतो, आणि आमची मुलगी रात्री विचारते, आपले घर कोणाच्या नावावर आहे? आता क्वार्टर कोणाच्या नावावर असते हे तिला काय सांगू? रडवायला वेळ काय थोडा आहे पुढे?” त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. भय हे काही ज्ञान नव्हे, आणि ज्या मुलाला दर चार वर्षांनी खोली बदलावी लागते त्याच्या उशाशी आणखी एक भय नेऊन ठेवणे सोपे असते. मी त्यांना इतकेच म्हटले, की भय तिच्याजवळ आधीच होते. तिने ते आता विचारले. ते पूर्णपणे मानले नाहीत. मुलीला मात्र पाठवीत राहिले, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पुढे पावसाळ्यात मुलांनी स्वतःच ती चिऊकाऊची गोष्ट नव्याने लिहावयास घेतली. अट एकच, की कावळ्याने सहकुटुंब यायचे. लगेच अडचणी उभ्या राहिल्या. चिमणीच्या घरात एवढ्या जणांना जागा कोठे? किती दिवस? तिच्या बाळाचे न्हाणे खोटे होते की खरे? येथे दोन पक्ष पडले, आणि मला मौज वाटली ती ही, की बहुसंख्य मुलांनी चिमणीला खोटारडी ठरवावयास नकार दिला. बाळाला खरेच न्हाऊ घालीत असेल, असे त्यांचे म्हणणे. कावळ्याने शेणाचे घर का बांधले यालाही उत्तर निघाले: मेण महाग असते. आणि एका आठ वर्षांच्या मुलाने, जो एरवी वाचताना पेंगतो, मध्येच विचारले, की मे महिन्यात जबलपूरला एवढे ऊन पडते, मग मेणाच्या घराचे काय होणार? गोष्ट तेथेच अडली. ती अजून पुरी झालेली नाही.

या सगळ्यात माझे स्वतःचे जे थोडे गुंतले आहे ते सांगितल्यावाचून हे लिखाण पुरे व्हायचे नाही. माझे वडील जावळी तालुक्यातले. कोयनेचे धरण झाले आणि शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हा, म्हणजे १९६० च्या सुमारास, आमचे गाव त्यात गेले आणि आजोबा कुटुंबासह ठाणे जिल्ह्यात आले. वडील तेव्हा सहा-सात वर्षांचे. आमच्या घरी याविषयी एकच वाक्य बोलले जाई: “मग आम्ही तिकडे राहायला गेलो.” वाक्य इतके गुळगुळीत, की त्याला कोठे नखही लागत नसे. मला वाटे, जशी बदली होते तसेच काही झाले असेल.

गेल्या दिवाळीनंतर वडील महिनाभर माझ्याकडे शहपुऱ्यास होते. रविवारी मुले आली, वाचन झाले, आणि कोणीतरी त्यांना सहज विचारले, “आजोबा, तुमचे घर कसे होते?” मी मनातून संकोचलो, कारण हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. वडिलांनी खडू मागितला. गुडघ्यांना हात लावून ते सावकाश खाली बसले आणि फरशीवर त्यांनी एक चौकोन काढला. मग ओटी, माजघर, चुलीचा कोपरा, मागे फणस. नदीची रेघ काढताना त्यांचा हात थोडा थांबला, आणि ती त्यांनी घरापासून बरीच लांब काढली. तेव्हा ती लांबच होती, असे म्हणाले. मुले भोवती दाटीवाटीने बसली होती. नुकसानभरपाई, जमीन, अर्ज यांविषयी कोणी काही विचारले नाही. चौकोनाच्या कडेला एक लहान चौकोन होता त्यावर बोट ठेवून एकाने विचारले, “हे काय?”

“गोठा,” वडील म्हणाले.

“मग गाय कशी नेली?”

“नेली नाही. आदल्या दिवशी मामाकडे पोहोचती केली. मी मागोमाग निम्म्या वाटेपर्यंत गेलो होतो.”

आमच्याकडे गाय होती हे मला ठाऊक नव्हते. तिचे नाव काय, रंग कोणता, शिंगे कशी होती, ती मारकी होती का, असे प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. वडील एकेकाला उत्तर देत होते. आतून चहा आला, तो तसाच निवत राहिला, आणि संध्याकाळपर्यंत फरशीवरच्या त्या घरात सारे बोलणे गाईचेच चालले.